नऊ नंबरच्या पोस्टवरचे रामटेके काका

बुधवारी दुपारी रामटेके काकांच्या नंबरवरून फोन आला, तेव्हा मी गुरुग्रामच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. काका कामाच्या दिवशी कधीच फोन करत नसत. ऑफिसच्या वेळेत फक्त ऑफिस, हा त्यांचा छत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीतला नियम होता आणि निवृत्तीनंतर तो ते माझ्या ऑफिसलाही लावत. म्हणून मी फोन घेऊन बाहेर आले. पलीकडे त्यांची मुलगी होती, प्राची. "ताई, बाबा गेले," ती म्हणाली. "जेवून आडवे झाले होते. आई चहासाठी उठवायला गेली तर..." मी काय बोलले ते आठवत नाही. पण मनात पहिला विचार काय आला ते आठवतं, आणि तो फारसा शोभणारा नव्हता. या रविवारी नऊ नंबरच्या पोस्टवर कोण उभं राहणार, असा तो विचार होता.

दिनकर रामटेके हे मूळचे भंडाऱ्याकडचे. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात कारकून म्हणून लागले, अवर सचिव म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बरीच वर्षं लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली, नंतर द्वारकेत सोसायटीतला फ्लॅट घेतला. अंगात पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. असा माणूस ग्रेटर नोएडाच्या रेसिंग ट्रॅकवर नारिंगी ओव्हरऑल चढवून हातात झेंडे घेऊन उभा असतो, हे त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. ट्रॅकवर वळणा-वळणावर नंबर दिलेल्या पोस्ट असतात आणि तिथे मार्शल उभे राहतात; काकांची पोस्ट नऊ नंबरची. पुढे धोका असला तर ते पिवळा झेंडा दाखवतात, मग मागच्या गाडीनं वेग कमी करायचा आणि कुणालाही ओलांडायचं नाही. बहुतेक मार्शल हौशी असतात, गाड्यांच्या वेडापायी आलेले. काकांना गाड्यांचं वेड नव्हतं. त्यांना गाडी चालवताही येत नाही, असं आम्ही सगळे समजत होतो.

आमची ओळख भांडणातून झाली. मी पुण्याची, नोकरीसाठी दिल्लीत आले आणि इथले सरळसोट रुंद रस्ते बघून वेगाच्या नादी लागले. हे कबूल करायला आता काही वाटत नाही. दर रविवारी सकाळी आमचा सहा जणांचा ग्रुप एक्सप्रेसवेवर गाड्या पळवायला जायचा. ताशी दीडशे, एकशे साठ, कधी त्याच्याही वर. कॅमेरे कुठे आहेत ते आम्हाला पाठ होतं. एका वाढदिवसाला नवऱ्यानं मला ट्रॅकवरच्या एका दिवसाचं बुकिंग भेट दिलं. तिथे दुसऱ्याच फेरीत मी नवव्या पोस्टपाशी एका गाडीला ओलांडलं, आणि पुढच्या फेरीला मला काळा झेंडा दाखवून बाहेर काढण्यात आलं. मी हेल्मेट काढून "काय कटकट आहे!" असं पुटपुटले, तेव्हा मागून आवाज आला, "कटकट माझीच आहे, मॅडम. तुम्ही मराठी?"

मी वळून बघितलं. वही उघडून ते उभे होते. "अकरा वाजून सात मिनिटं," त्यांनी वाचलं. "पिवळा झेंडा असताना तुम्ही ओलांडलं."

"पण पुढे काहीच नव्हतं," मी म्हणाले.

"माझा एक माणूस होता. कुणाच्या तरी बंपरचा तुकडा उचलत होता. तुम्ही त्याला बघितलंत?"

"नाही."

"तेच लिहिलंय नं इथं," असं म्हणून त्यांनी वही मिटली. आवाज चढला नव्हता, की सुनावल्याचा भाव नव्हता. फाईलवर शेरा मारून ती पुढे सरकवावी तसं ते निघून गेले. मी त्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. मग जेवणाच्या सुट्टीत त्या दुसऱ्या मार्शलला शोधून काढलं आणि त्याची माफी मागितली. तो हसून म्हणाला, "कोई बात नहीं मैडम, रामटेके सर थे ना."

पुढे मी ट्रॅकवर नेमानं जाऊ लागले. ते द्वारकेत राहतात हे कळलं तेव्हा मीच म्हटलं की काका, आपण एकाच भागात राहतो, मी येते तेव्हा माझ्याबरोबर चला. तोपर्यंत ते मेट्रो बदलत, पुढे शेअरिंग ऑटोत बसून, अडीच तासांचा प्रवास करून तिथे पोचत. त्यांनी एका अटीवर होकार दिला : रस्त्यावर जी वेगमर्यादा लिहिली असेल तिच्या वर काटा जाता कामा नये. "आणि गेला तर?" मी गमतीनं विचारलं. "तर मला जिथं मेट्रो स्टेशन दिसेल तिथं उतरवा," ते म्हणाले. ते गमतीत नव्हते. पुढची चार वर्षं महिन्यातून दोनदा तरी आम्ही असे गेलो. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला शेवटपर्यंत मॅडमच म्हणाले. सुनंदाकाकू दोघांना पुरेल एवढा डबा द्यायच्या. त्यात सांबारवडी असली की काका वाटेतल्या सराई काले खाँच्या आधीच डबा उघडत. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला त्या डब्यानं शिकवलं. त्यांच्या गप्पा बहुतेक ऑफिसच्या असत. कोणत्या सचिवानं कोणत्या फाईलवर काय लिहिलं, कोणता शेरा तीस वर्षांनी खरा ठरला वगैरे. स्वतःविषयी ते बोलत नसत, आणि मी विचारतही नसे.

त्यांना माझ्या रविवारच्या सकाळींविषयी ठाऊक नव्हतं. निदान माझा तसा समज होता. एका शनिवारी आम्ही ट्रॅककडे निघालो असताना ग्रुपमधल्या रजतचा फोन आला आणि गाडीत तो स्पीकरवर लागला. "कल छह बजे, टोल के बाद," तो म्हणाला. "और सुन, पिछली बार तेरा एक सौ बहत्तर था. कल मैं तोड़ूँगा." मी घाईनं फोन बंद केला. त्या वेळी गाडीचा काटा ऐंशीवर होता. काका खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "मला एकदा न्याल का तिकडे?"

"तुम्हाला? गाडीत?"

"गाडीत नाही. बाजूला उभा राहीन."

मला वाटलं ते तिथे येऊन भाषण देतील. मी टाळाटाळ केली, पण दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ते आमच्या सोसायटीच्या गेटवर हजर होते. पांढरा शर्ट, दोन पेनं आणि वही. एका गावाच्या वळणाजवळ, जिथे सर्व्हिस रोड एक्सप्रेसवेला खेटून जातो, तिथे कठड्याच्या पलीकडे ते उभे राहिले. आम्ही दोन फेऱ्या मारल्या. खोटं कशाला बोलू, ते बघतायत हे माहीत असूनही मी मारल्या. पायाखाली गाडी सुटली की माझं डोकं रिकामं व्हायचं, आणि आठवड्यातल्या इतर कुठल्याही तासाला ते तसं रिकामं व्हायचं नाही. त्या सुखाची ओढ काय असते ते मला माहीत आहे, म्हणून जे अजूनही जातात त्यांच्याकडे मी तुच्छतेनं बघू शकत नाही.

नंतर ढाब्यावर सगळे पराठे खायला बसले. काकांनी वही उघडली आणि परवानगी विचारून वाचायला सुरुवात केली. सहा वाजून बारा मिनिटं. एक बाई, डोक्यावर गवताचा भारा, दुभाजकावर चढून पलीकडे. सहा एकोणीस. दोन मुली एका सायकलवर, उलट्या दिशेनं. सहा चोवीस. कुत्रं, मागचा पाय अधू. सहा सव्वीस. माणूस फोनवर बोलत अर्ध्या रस्त्यापर्यंत आला, थांबला, मागे फिरला. सहा एकतीस. ट्रॅक्टर, उलट दिशेनं, ट्रॉलीत पाच माणसं... असं ते वाचत गेले. एका तासात, रस्त्याच्या एका ठिकाणी, चौतीस माणसं. आमच्या गाड्या जिथून गेल्या त्या वेळाही त्यांनी लाल पेनानं मध्ये मध्ये घातल्या होत्या. गवताच्या भाऱ्याची बाई आणि माझी गाडी यांच्यात दोन मिनिटांचं अंतर होतं.

दोघे-तिघे हसले. रजत म्हणाला, "अंकल, गिनती पक्की है. पर ये लोग एक्सप्रेसवे पर आते ही क्यों हैं? ग़लती तो उनकी है ना?"

"ग़लती उनकी है," काका शांतपणे म्हणाले. "मान लिया. अब सज़ा क्या होनी चाहिए, वो बता दीजिए."

मग काकांनी सांगितलं की ट्रॅकवरही माणसं जखमी होतात, त्यांनी स्वतः एकाला स्ट्रेचरवर उचललं आहे, वेग तिथेही वेगच असतो. "पर वहाँ हर आदमी काग़ज़ पर साइन करके आता है. हेल्मेट पहनकर आता है. सब एक ही तरफ़ जाते हैं और एम्बुलेंस खड़ी रहती है." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "इन चौंतीस में से साइन किसने किया था?"

रजतनं बिल मागवलं. त्या सकाळनंतर आमच्यापैकी दोघे ट्रॅकवर यायला लागले, एकानं ग्रुप सोडला. रजत आणि आणखी एक जण रस्त्यावरच राहिले. माझं म्हणाल तर मी अजून ठरवलेलं नव्हतं. यादीनं मी हलले होते, पण हलणं आणि थांबणं यांत फरक असतो.

परत येताना मी काकांना विचारलं की तुम्ही कधीच गाडी चालवली नाहीत का. ते म्हणाले, "मोटरसायकल चालवायचो. चांगली चालवायचो." आणि मग द्वारका येईपर्यंत ते बोलले. जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दिल्लीत नोकरीला लागून चारेक वर्षं झाली होती, लग्न व्हायचं होतं. एका रविवारी दुपारी ते आणि ऑफिसातले दोन मित्र नजफगढच्या रस्त्यावर तीन मोटरसायकली घेऊन गेले. तेव्हा तिकडे सगळी शेतंच होती. पुढच्या पुलापर्यंत कोण आधी पोचतो, अशी पैज लागली. काका पुढे होते. पुलाच्या अलीकडे शेतातल्या पायवाटेवरून एक सायकलवाला रस्त्यावर आला. रामअवतार त्याचं नाव. जवळच्या शाळेत शिपाई होता.

"त्यानं मला बघितलं होतं, मॅडम," काका म्हणाले. "लोक म्हणतात अचानक आला. अचानक नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याला वाटलं, वेळ आहे. गाडी किती लांब आहे ते माणसाला दिसतं. किती वेगात आहे ते दिसत नाही."

रामअवतार तिथेच गेला. काकांचा हात मोडला. खटला उभा राहिला, पाच वर्षं चालला. दोन्ही मित्रांनी साक्ष दिली की वेग साधारण होता आणि सायकल एकाएकी आडवी आली. काकांच्या वकिलानं त्यांना तोंड उघडू नका म्हणून सांगितलं, आणि त्यांनी ते उघडलं नाही. "संशयाचा फायदा देऊन सोडलं मला," ते म्हणाले. "संशय कोर्टाला होता... मला नव्हता."

मी गाडी चालवत होते, त्यामुळे त्यांच्याकडे बघता आलं नाही, आणि ते बरंच झालं. निकालानंतरच्या महिन्यात ते रामअवतारच्या गावी गेले. भावानं त्यांना गल्लीतूनच हाकललं. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा गेले. दर वर्षी गेले. रामअवतारची बायको कधी समोर आली नाही. सुटले त्याच्या आठव्या वर्षी कुणीतरी त्यांच्यासाठी अंगणात एक खुर्ची आणून ठेवली. तेव्हापासून ते त्या खुर्चीत तासभर बसत, पाणी पीत आणि परत येत. "ते काय म्हणतात तुम्हाला?" मी विचारलं. "काही नाही. मी माफी मागायला जात नाही. एकदा मागितली होती, त्यांनी दिली नाही. तो त्यांचा अधिकार आहे." मग जातात कशाला, हे मी विचारलं नाही. उतरताना त्यांनी नेहमीप्रमाणे डब्याची पिशवी उचलली आणि "आभारी आहे, मॅडम" म्हणाले. त्यानंतर मी रस्त्यावर गाडी पळवली नाही. हे मोठं काही केलं असं मी मानत नाही, कारण जे मुळात करायलाच नको होतं ते मी करायचं थांबवलं, इतकंच.

दीड वर्षानं रजतच्या गाडीखाली माणूस आला. सकाळची वेळ, दुसराच एक एक्सप्रेसवे, रात्रपाळी संपवून घरी निघालेला एक सिक्युरिटी गार्ड. तो जागीच गेला. रजतला अटक झाली, मग जामीन. ग्रुपमधले सगळे त्याच्यापासून लांब झाले. मीही झाले. काकांना मी ही बातमी दिली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्याच्याकडे जायला पाहिजे." मला राग आला. त्या गार्डच्या घरी जायचं सोडून त्याच्याकडे कशाला? "तिथं जायचा मला काय अधिकार?" काका म्हणाले. "याच्याकडे जायचा आहे."

रजत नोएडाच्या फ्लॅटमध्ये दाढी वाढवून बसला होता. त्याच्या आईनं चहा ठेवला आणि ती दारात उभी राहिली. "अंकल, वो अचानक सामने आ गया," रजत म्हणाला. काकांनी मान हलवली नाही. "उसका नाम क्या था?" त्यांनी विचारलं.

रजत गोंधळला. "नाम... वकील के पेपर में होगा."

"पेपर में है. तुम्हें भी पता होना चाहिए." मग म्हणाले, "बेटा, सज़ा जो होगी सो होगी, होनी भी चाहिए. पर जज पूछे कि स्पीड कितनी थी, तो सही बताना. मैंने नहीं बताई थी."

रजतच्या आईनं आम्हाला जायला सांगितलं. तिच्या जागी मी असते तर मीही सांगितलं असतं. लिफ्टमध्ये काका थकल्यासारखे वाटले, आणि माझ्या लक्षात आलं की ते म्हातारे झालेत. त्या खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे. पण वेग विचारला तेव्हा रजतनं खरा आकडा सांगितला, असं त्याच्या वकिलानं आमच्यातल्या एकाला फार वैतागून सांगितलं. ही बातमी मी काकांना दिली होती. ते म्हणाले, "बरं," आणि नेहमीसारखा डबा उघडला.

काकांच्या पुण्यानुमोदनाला द्वारकेच्या फ्लॅटमध्ये बसायला जागा नव्हती. मंत्रालयातले जुने लोक, सोसायटीतले आणि लक्ष्मीबाई नगरचे शेजारी, नातेवाईक आणि कोपऱ्यात ट्रॅकवरची आठ-दहा मुलं, जी कुणाला काय म्हणावं ते न कळून एकमेकांना पाणी देत होती. बुद्धवंदना झाली, चार-पाच जण बोलले. त्यांच्या फाईलींविषयी बोलले, शिस्तीविषयी बोलले. रामअवतारविषयी कुणी बोललं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं, असं मला वाटलं. लोक पांगल्यावर सुनंदाकाकूंनी मला आत बोलावलं. "तिकडं सांगायला हवं गं," त्या म्हणाल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. "मला बघायला आले तेव्हाच सांगितलं होतं यांनी. माझे वडील उठून चालले होते. मीच म्हटलं, थांबा." पण इतक्या वर्षांत त्या एकदाही त्यांच्याबरोबर तिथे गेल्या नव्हत्या. ते कधी म्हणाले नाहीत आणि त्यांनी कधी विचारलं नाही.

मागच्या शनिवारी आम्ही दोघी गेलो. नजफगढच्या पुढे आता शेतं कमी आणि गोदामं जास्त आहेत, पण गाव अजून गावासारखं आहे. रामअवतारचा मुलगा पंचेचाळिशीकडे झुकलेला, वडील गेले तेव्हा चार वर्षांचा होता. त्यानं काकूंना बघून ओळखलं कसं, कोण जाणे. त्यानं नमस्कार केला आणि म्हणाला, "तारीख़ तो अगले महीने है." काकूंनी त्यांच्या मोडक्या हिंदीत सांगितलं की ते आता येणार नाहीत. तो आत गेला. आतून त्याच्या आईचा आवाज आला, मग ती स्वतः दारात आली. सत्तरीची, बारीक अंगाची, डोक्यावर ओढणी. तिनं काकूंकडे बघितलं. काकूंनी हात जोडले. तिनं जोडले नाहीत, पण नजरही फिरवली नाही.

कडुनिंबाखाली भिंतीला लागून एक लोखंडी खुर्ची होती, काका दर वर्षी बसत ती. रंग उडालेला, बसायच्या पट्ट्या मधोमध झिजलेल्या. म्हातारीनं तिच्याकडे बोट केलं आणि मुलाला म्हणाली, "इसे अंदर रख दे." मग त्यानं खुर्ची उचलली, उंबऱ्यात ती जरा अडकली तशी तिरकी केली, आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.